हवेतला घड

सावद्याच्या रायपनिंग प्लांटमध्ये
चेंबर नंबर चारच्या डोक्यावर, तापल्या पत्र्याखाली
मी बनवलेला राउटर.
हिरवा दिवा लागलेला. तोच तर वैताग.
मेला असता तर बरं होतं,
मेलेल्याचं निदान सोपं.
हा जिवंत आहे आणि खोटं बोलतो.
लिंक आहे म्हणतो, गिगाबिट आहे म्हणतो,
आणि हजारातली सात-आठ पाकिटं
वाटेत कुठंतरी सांडून येतो.
शंभरावर बसवला की गुणाचा.
हजारावर नेला की गळका.

खाली शेठ, खेमचंद राणे, कमरेवर हात ठेवून:
"आमचं इथिलीन नीट चाललंय, झोपे मॅडम,
तुमचंच इथिलीन बिघडलंय."
"इथरनेट."
"तेच ते. पिकवतं का काही?"
पिकवतं ना. मला.
आडनाव झोपे, आणि तीन रात्री डोळा नाही.

केबल बदलली. कनेक्टर बदलला.
नारिंगी, हिरवी, निळी, तपकिरी,
चारी जोड्या सोडवून पुन्हा खोचल्या,
लहानपणी आईने खोचावेत तसे, केस ओढून.
स्विच बदलला. अडाप्टर बदलला.
जळगावहून ऑसिलोस्कोप आणला एसटीने,
मांडीवर, ओल्या टॉवेलात गुंडाळून,
कंडक्टरने त्याचं अर्धं तिकीट लावायचं बाकी ठेवलं.
चुकांचा आकडा रात्री चाळीस.
दुपारी दोनला, पत्रा चटका देऊ लागला की,
नऊ हजार.
माझ्या बोर्डावर माझाच हात ठेवून
मी म्हटलं, बाबा, दुखतंय कुठं ते तरी सांग.

चौथ्या दिवशी बांधावर ट्रक लागला, दिल्लीचा.
एक जण घड उचलायचा, दुसरा खांद्यावर घ्यायचा,
तिसरा आत, पाल्यावर ठेवायचा.
स्टुलावर तोताराम मुनीम, वहीत रेघा ओढत.
नवा पोरगा शेजारी बसून मोजत होता,
आणि त्याचे भरत होते एकशे अकरा
तिथं मुनीमाचे एकशे चार.
मुनीम वहीतून मान न काढता बोलला:
"हवेतला घड मोजू नको भो.
टेकू दे. टेकला की रेघ मार."

मी डबा तसाच उघडा ठेवून उठले.

प्रोसेसर घड फेकतो आणि फाय चिप झेलते,
चिप फेकते, प्रोसेसर झेलतो,
आणि मधे क्लॉक, रेघा मारणारा.
क्लॉक जरासा मागे हवा,
दोन नॅनोसेकंद,
एवढ्यात उजेडसुद्धा जेमतेम सव्वा हात चालतो.
तेवढं थांबायचं कोणी?
चिपच्या कागदात लिहिलेलं: समोरचा थांबेल.
प्रोसेसरच्या कागदात: समोरचा थांबेल.
समोरचा म्हणजे कोण, हे दोघांनाही
मी कधी विचारलंच नव्हतं.
रात्री गारव्यात कसंबसं निभायचं,
दुपारी पाय भाजले की
रेघ पडायची आणि घड हवेत.

एक रजिस्टर. त्यातला एक बिट.
शून्याचा एक.

दोन वाजले. अडीच. पत्रा कडकड वाजला.
चुकांचा आकडा होता तिथंच बसून राहिला,
जेवून ओट्यावर बसलेल्या माणसासारखा.
शेठना सांगितलं, झालं.
"काय होतं?"
"घाई."
त्यांनी एक फणी दिली, अर्धी हिरवी,
म्हणाले, परवा खा.

मुनीमाला सांगायला गेले तर तो म्हणाला
त्यात काय, ते तर पोरालाही सांगितलं,
तो अजून ऐकत नाही.

आठ बोर्ड बनवले होते. सात आता सरळ.
आठवा, तेच रजिस्टर, तोच बिट,
तरीही मंगळवारी चार तास गळला
आणि बुधवारी नाही.
तो मी घरी आणलाय.
टेबलावर फणीशेजारी आहे.
फणी पिकलीय.
दिवा हिरवा.