येळवशीच्या आधी

येळवस पंधरा दिवसांवर आली
की हे शेडमधून ढकलत आणतात
तो चाकावरचा डबा.
जुन्या जीपचा आस, ट्रॉलीचा हूक,
बाकी जिलानी वेल्डरची कारागिरी
आणि यांची रिटायर झाल्यावरची हौस.
होळीपर्यंत शेतातल्या चिंचेखाली
आमचा संसार त्यातच.

आधी टायरांत हवा. मग वास.
बंद डब्याला एक वास येतो,
थोडा उंदराचा, थोडा मागल्या साली सांडलेल्या आंबिलीचा.
मी दारं सताड उघडते, कडुनिंबाचा धूर करते.
हे टॉर्च तोंडात धरून
खिडकीच्या रबराखाली बोट फिरवतात,
ओल लागली तिथं खडूची फुली.
यंदा तीन फुल्या.
एम-सील मळतात उंड्याचं पीठ मळावं तसं
आणि मला दाखवतात,
"बघ, तुझ्यापेक्षा मऊ झालं."

बत्तीस वर्षं एस.टी.च्या वर्कशॉपात
गावाच्या गाड्या दुरुस्त केल्या या माणसानं.
औशात घर बांधल्यापासून मी एक फळी मागतेय,
भिंतीला, डबे ठेवायला.
"बघू."
पोरगी दहावी झाली. "बघू."
तिचं लग्न झालं, जावई हातोडा घेऊन उभा राहिला,
तर त्याच्याही हातातून काढून घेतला.
आणि इथं!
चमच्यांना कप्पा, कात्रीला कप्पा,
मिठाची बरणी हलू नये म्हणून
तिच्या बुडाला जुन्या चपलेचा तळवा.
सायकलच्या ट्यूबची पट्टी कापून
ताटांना करगोटा.
दाराला कडी, कडीला खिळा,
खिळा हरवू नये म्हणून खिळ्याला दोरी.
मी चिडून म्हटलं,
सात फेरे या डब्याभोवतीच घ्यायचे होते.
हे हसले. दोरीची गाठ
परत सोडून परत मारली.

परवा शेंगदाण्याच्या चटणीला जागा शोधताना
माझा हात वर गेला.
वर काही नव्हतं.
नुसता पत्रा, पांढरा रंग दिलेला.
डोक्याच्या वर एक खुंटीसुद्धा नाही.
सगळं कमरेखाली,
पलंगाखाली, बाकाखाली, दारामागं.
झोपलेल्या माणसावर
पडेल असं काहीच नाही.

त्र्याण्णवची ती पहाट.
गणपती बुडवून गाव झोपलेलं.
तेरणेकाठच्या घरातून
यांनी धाकटी बहीण हातांनी उकरून काढली.
लोक भिंतींचं सांगतात, दगडांचं.
हे एकदाच बोलले होते, तेही माझ्याशी नाही,
जिलानीशी, चहा पिता पिता:
"फडताळावरचा हंडा होता, पितळी."
मी पडद्यामागं डाळ निवडत होते.
निवडत राहिले.
तो हंडा आणि माझी फळी
एवढ्या वर्षांत शेजारी ठेवून
पाहिलंच नाही मी कधी.

चटणी बाकाखाली गेली.
झाकणांवर खडूनं लिहिलं: तीळ, तूर, बाजरीचं पीठ,
आणि ज्यात काय ठेवायचं ते ठरलं नव्हतं
त्या डब्यावर: "राहू द्या".

येळवशीच्या सकाळी ट्रॅक्टर जोडला.
"आत बसू नको" म्हणाले तरी मी आतच बसले.
पांदीच्या वाटेला
डब्यातलं झाडून सगळं वाजत होतं,
कड्या, चमचे, माझ्या बांगड्या,
एकेका खड्ड्याला वेगळा ताल.
काही पडलं नाही.
एक वाटी पडली फक्त, स्टीलची,
गोल फिरून माझ्या पायाशी आली.

चिंचेखाली थांबल्या थांबल्या यांनी दार उघडलं,
नजरेनं मोजायला लागले, कप्प्यामागून कप्पा.
तोवर वाटी मी पट्टीत अडकवली होती.
"पडलं काही?"
"काही नाही," म्हटलं.
"आंबिलीचं बिंदगं उतरवा आधी,
ऊन चढायलंय."