एका डोळ्याने

हिंगण्याच्या गोडाऊनमध्ये माझे
एकशे चाळीस सिलिंडर उभे आहेत,
काळे, पांढऱ्या खांद्यांचे, ऑक्सिजनने ठासून भरलेले.
त्यातला एकही विमानात नेता येत नाही.

हे मी सोनेगावच्या तपासणीत बोललो नाही.
डॉक्टर हरकऱ्यांचं पत्र पुढे केलं, घड्यांवर फाटत आलेलं.
जवानाने इंजेक्शनचं पेन उलटंसुलटं केलं.
"शुगर?"
मी हो म्हणालो.
डोकेदुखी म्हटलं की लोक बाम काढतात.

वर्षातून एकदा येते, दीड महिना मुक्काम करते.
रात्री दोन वाजून दहा मिनिटं, उजव्या डोळ्यामागे,
भाडं थकवलेल्या घरमालकासारखी नेमकी.
मी खोलीत येरझारा घालतो, भिंतीला कपाळ लावतो.
शालू चावी फिरवते, मास्क धरते,
काही म्हणजे काही बोलत नाही.
आमच्या संसारातली सगळ्यात प्रेमाची पंधरा मिनिटं ती.

बंगळुरूला भाच्याचा साखरपुडा.
"ट्रेननं जा ना," शालू म्हणाली, "डब्यात चालता तरी येते."
जाताना काहीच झालं नाही.
मी चार लोकांत हसलो, दोन पुरणपोळ्या जास्त खाल्ल्या.
रात्री हॉटेलात दोन्ही पेनं संपली.

परतीचं विमान. सतरा सी.
आधी उजवी नाकपुडी बंद झाली, मग पापणी लोंबली.
मग आत कोणी
चुकीच्या मापाच्या पान्याने
आटे गेलेला नट आवळायला बसलं.
पट्ट्याचा दिवा लागलेला.
उभं राहायचं नाही.
मी उठलो, हवाईसुंदरीने बसवलं. पुन्हा उठलो, पुन्हा बसवलं.
मी गुडघे धरून डुलत राहिलो, घाण्याच्या लाकडासारखा.

माझ्या डोक्याच्या हातभर वर
झाकणामागे मास्क आहे. धंदाच माझा, मला ठाऊक आहे.
पण तो पडला तर सगळ्यांसाठी पडतो.
एकट्यासाठी नाही.

"आई, ते काका एकाच डोळ्यानं रडून राह्यले."
पलीकडच्या रांगेतली, सहाएक वर्षांची, पुढचे दात नसलेली.
"चूप बस," आई म्हणाली.
पोरगी चूप बसली,
एक डोळा मिटून
दुसऱ्याने रडून पाहू लागली.
गाल फुगवले, श्वास धरला.
"जमूनच नाही राह्यलं," तिने कळवलं.
"कठीण आहे," मी म्हणालो.
माझा आवाज मलाच नवा वाटला:
त्या वेळी मी कधी
कुणाशी बोललो नव्हतो.

खाली वर्धा रोडचे दिवे, मेट्रोची उजळ रेघ.
चाकं टेकली, आणि ती गेली.
अशीच जाते. निरोप नाही, काही नाही.
लोक सामान काढायला धडपडत उठले,
मी एकटा बसून राहिलो, पट्टा लावलेला.

पार्किंगमध्ये शालू, ओम्नीचं मागचं दार उघडून,
लहान सिलिंडरशेजारी, हातात पाना.
रात्रीचे अकरा, मे महिना, डांबर अजून गरम.
"आली होती?"
"आली होती. गेली."
"तरी घेऊन घ्या दोन मिनिटं."
तिने चावी फिरवली. मी दार धरून बसलो.
टॅक्सीवाले आमच्याकडे पाहत होते.
मला सांगायचं होतं त्या पोरीचं,
पण तोंडावर मास्क होता,
आणि शालू, सवयीने,
काही बोलत नव्हती.