बेटनबाग

चितार ओळीत त्याचं नाव कुणालाच नीट घेता आलं नाही.
ब्राइटनबाख.
आठवड्याभरात त्याचा ब्रेटनबाग झाला,
पोळ्यापर्यंत बेटनबाग.
माझ्या वडिलांना लहानपणी वाटायचं,
तुळशीबागेच्या पलीकडे ही एक बाग होती,
कुणीतरी तोडून टाकलेली.

माणूस होता. जर्मन. दरबारी चित्रकार.
संस्थान एवढंसं, की ड्यूक शिंकला
तर शेजारच्या राज्यातल्या बाईने खिडकी लावून घ्यावी.
एकोणीस वर्षं त्याने तोच ड्यूक रंगवला,
हरणासोबत, नकाशासोबत, पहिल्या बायकोसोबत, दुसरीसोबत,
आणि दर वर्षी वाढणारी हनुवटी
दर वर्षी कॉलरच्या सावलीत निजवली.
सावलीचाच पगार खाल्ला मी, असं झिबलला म्हणायचा.
झिबल माझा खापरपणजोबा. त्याचे रंग घोटायचा.

मग राजकन्येचं चित्र,
लग्नाआधी नवऱ्या मुलाकडे धाडायचं.
नाक जरा आखडलं, खांदे उतरवले,
डोळ्यांत थोडं पाणी सोडलं.
नवरदेव चित्रावर भाळला,
आणि बग्गीतून उतरलेल्या मुलीला बघून विचारता झाला,
हिची धाकटी बहीण कुठे आहे?

लग्न मोडलं. नोकरीही.
जहाज, मुंबई, आगगाडी.
नागपूरच्या पुढे रूळच नव्हते, म्हणून उतरला.

महालात सरदार हैबतराव.
राज्य खालसा, पेन्शन चालू.
चित्रात हातात तलवार हवी, आणि खरी तर सरकारजमा.
झिबलने मिरवणुकीतली लाकडी आणली, बेगड लावलेली.
बेटनबागने तिला अशी धार चढवली
की हैबतराव स्वतःच्या चित्रापासून
हातभर लांब बसू लागले.

बाईसाहेब पडद्याआड.
त्याला दिसली एक करंगळी, विडा देताना, एकदाच.
तेव्हा देवघरात चौक भरायला आत जाणाऱ्या
सगुणेला विचारलं, झिबलच्या आईला.
चुलीपाशी बसून ती सांगायची,
झिबल कोळशाने काढायचा, साहेब रंग भरायचा.
कपाळ रुंद. ओठ मिटलेले, पण रागाने नाही.
डाव्या गालावर देवीचे वण, सात.
मोजले?
मोजले न बाप्पा. ज्वारी सांडल्यावानी नाही,
पेरल्यावानी.

साहेबाचा हात सवयीने सावली शोधू लागला.
सगुणा म्हणाली,
म्या सांगतलं नाही थे काढू नोको.

चित्र आत गेलं. दोन दिवस निरोप नाही.
तिसऱ्या दिवशी पडद्याखालून एक मोहोर सरकली,
मागून आवाज:
आरसा उतरवायला सांगितलाय. तिथे खिळा आहेच.

हैबतरावांनी मात्र पैसे बुडवले.

परत गेला नाही तो. ओळीतच राहिला,
तान्ह्या पोळ्याचे लाकडी बैल रंगवीत,
एकेका बैलाला ड्यूकच्या घोड्याचे डोळे.
शेवटच्या वर्षी, मारबतीच्या दिवशी,
बडग्याला चेहरा कोण देणार म्हणून भांडण लागलं,
तर हा उठला.
गोरा रंग, पिवळी मिशी,
तिन्ही हनुवट्या उघड्या, भर उन्हात,
कॉलर नाही.
इडापिडा म्हणत लोकांनी तो नेऊन जाळला.
कुणाला ओळखू आला नाही.
साहेब टोपी काढून मागे मागे चालला होता.

असं आमच्या घरात सांगतात.
पुराव्याला एक कुंचला आहे, डुकराच्या केसांचा,
म्हणून आई तो गणपतीच्या रंगांजवळ येऊ देत नाही.

गेल्या महिन्यात एक पोट्टा आला,
फोनमध्ये बापाचा फोटो. तेरवीच्या आत पाहिजे, म्हणाला,
आणि गालावरचा डाग तेवढा काढून टाका.
कसला डाग, म्हटलं.
मिलमधला. पट्टा तुटला होता,
रात्रपाळी होती, मी तेव्हा तिसरीत,
असं म्हणत तो स्टुलावर बसला.
मी दोन चहा सांगितले.