सव्वाबाराचे निरोप

दुपारी सव्वाबाराला मी निरोप वाचते.
इथे पॅटागोनियात, डोंगरांच्या आतल्या अंगाला,
फोनचा मनोरा हात टेकतो
आणि वारा मात्र थेट चुलीपर्यंत जातो.
तिथे रेडिओ ठेवतात फळीवर, मिठाच्या बरणीशेजारी,
बॅटरी वाचवून, फक्त या अर्ध्या तासासाठी.

माणसं माझ्या खिडकीशी येतात, टोपी हातात.
मी पेन्सिल जिभेवर ओली करते, विचारते :
कुणाला? कुणाकडून? कधी? नदीच्या कुठल्या काठाला?
येताना काय आणायचं?
एवढीच माझी विद्या,
आणि तीही फुकट नाही मिळाली.

पहिल्याच वर्षी मी वाचलं, ‘सोमवारी ये.’
कुठला सोमवार, ते विचारलं नव्हतं.
एतेल्विना कायून दोन सोमवार पुलाशी उभी राहिली,
तान्हं पोर पोंचोत घेऊन, जूनच्या थंडीत.
तिसऱ्या सोमवारी ती माझ्याकडे आली.
काही बोलली नाही. पोराचे गाल दाखवले, फुटलेले.

मग एकदा वाचलं, ‘आई आता बरी आहे.’
शब्द सोन्यासारखा, खोट एवढीशीही नाही.
आणि तिचा मुलगा रात्रभर घोडा दामटत आला,
कारण ती आजारी होती
हे त्याला कुणी कळवलंच नव्हतं.

तेव्हापासून निरोप लिहिला की मी डोळे मिटते
आणि त्या फळीसमोर जाऊन बसते.
मला काहीच ठाऊक नाही, असं धरून
एकदा ऐकते.

देल्फिन आंत्रिलाओ आला तो मेंढ्यांच्या कातरणीनंतर.
भावाला सांगायचं होतं. भावाशी अकरा वर्षं अबोला.
तो बोलत राहिला, मी लिहीत राहिले :
माझं कुंपण, माझी बेचाळीस मेंढरं,
माझ्या बापाचा शब्द, माझ्या बायकोचे दागिने,
तू असा, तुझी सासुरवाडी तशी.
पान भरलं. दुसरं भरलं.
मी म्हटलं, ‘देल्फिन, सगळं खोरं ऐकतं.’
‘ऐकू दे!’
‘खोरं ऐकेल. एलेउतेरिओ रेडिओ बंद करेल
दुसऱ्याच ओळीला.’

तो गप्प झाला. बाहेर त्याचा कुत्रा
रिकाम्या पिंपाला हुंगत होता.
मी पण गप्प राहिले. मला घाई होती, तरी.
चहाला पाणी ठेवलं, ते उकळून गेलं.

मग म्हणाला, ताकाला जाऊन भांडं लपवणाऱ्याच्या आवाजात,
‘कुंपण पडलंय, एवढं कळवा.’
‘आणि?’
‘आणि काय?’
मी पेन्सिल उचललीच नाही.
‘...गुरुवारी, बारा तारखेला, मी उताराशी येतोय.
एकट्याला खांब उभे राहत नाहीत.’

हे मी वाचलं. दोनदा, नेहमीसारखं.
दोन वाचनांच्या मध्ये पाच आकडे मोजते मी मनात.
कुणाचा तरी चमचा पातेल्यात थांबलेला असतो तेवढ्यात.
त्या दिवशी सात मोजले.

उत्तर माझ्या खिडकीतून येत नाही.
रेडिओला तोंड आहे, कान नाहीत.
लोकरीच्या ट्रकवाल्याने सांगितलं :
गुरुवारी उताराशी एक घोडा बांधलेला होता,
खोगीर चढवून. जवळ कुणी नव्हतं.
पुढचं त्याला माहीत नाही. मला तर नाहीच.

हिवाळ्यात देल्फिन परत दिसला, चष्म्यासाठी गावात आला होता.
‘एलेउतेरिओला’, म्हणाला, ‘लिहा :
काच मिळाली नाही. शनिवारी येतो, सतरा तारखेला.
बर्फ पडणार म्हणतात.
आपल्या मेंढ्या आत घे.’

सवयीने मी वाचून दाखवलं आणि अडले.
‘आपल्या?’
टोपीची कड त्याने एकदा फिरवली.
‘हो. तसंच असू दे.’