अंगठ्याआड

चिंचोळीच्या माळावर एक जुना टँकर उभा केलाय,
पोटात नुसतं पाणी, त्यात चिमूटभर हिरवा रंग.
म्हेत्रे साहेब म्हणतात, आज हे क्लोरीन.
आम्ही बारा जण माना डोलावतो.
मे महिना. टँकरच्या सावलीलासुद्धा घाम.

"काय करशील, येमूल?"
"पळत जाईन, सर."
"मग तुझ्यामागं कोण पळत येणार
त्याचं नाव सांगून ठेव."

पहिला धडा पळण्याचा नाही, थांबण्याचा.
बांबूच्या टोकाला चादरीच्या कारखान्यातलं लाल सूत बांधलंय.
ते ज्या अंगाला फडफडतं, तिकडं जायचं नाही.
आपण उलट्या अंगाला, चढावर.
दुर्बिणीतून नारिंगी पाटीवरचा आकडा वाचायचा,
मग हात ताठ, एक डोळा मिटून
टँकरवर अंगठा धरायचा.
दिसतोय टँकर? मागं सर.
अजून दिसतोय? आणखी मागं.
अख्खा टँकर अंगठ्याआड गेला
की ती तुझी जागा.

आईचा अंगठा विड्या वळून चपटा झालेला,
आजीचा पगाराच्या वहीवर निळा.
अंगठ्याचा हा उपयोग
घरात कुणी सांगितला नव्हता.

मग सूट. आत शिरायला दोन माणसं लागतात.
चेन वर गेली की सोलापूर बंद.
फक्त आपला श्वास, डबीतल्या भुंग्यासारखा,
आणि पाठीवर वीस मिनिटांची हवा.
बोलणं नाही. गळ्याशी हात नेला म्हणजे हवा संपतेय.
जोडीदारानं मनगट धरलं
तर का म्हणून विचारायचं नाही, निघायचं.
बाहेर आले तेव्हा काट्यावर दीड किलो कमी भरले.
कोळेकर म्हणाला, लग्नाआधी हाच कोर्स करायला पाहिजे होता.

दुपारी एक ड्रम आणला.
धुतलेला, रिकामा, लेबल खरवडलेलं.
"ह्यात काय होतं?"
बाकीचे पुस्तकाची पानं उलटत राहिले.
मी दोन पावलं पुढं गेले, आणि नऊ वर्षांची झाले.

"हैड्रो, सर. एक-तीन-आठ-चार."
"कशावरून?"
"वासावरून."
साहेब जरा वेळ काही बोलले नाहीत.
"वास आला म्हणजे
तू फार जवळ उभी आहेस, पोरी."

आमचा नायना वासावरच चालायचा.
हौदावर वाकला की सांगायचा, रंग आता धरेल.
सोडा बोटांत चोळून सांगायचा, अजून मूठभर.
शेठ म्हणायचा, ह्याच्या नाकाला पगार वेगळा द्यायला पाहिजे.
दिला नाही.

"आणि हे पेटलं तर?"
"पाणी!" कोळेकर म्हणाला.
अग्निशामकचा माणूस, दुसरं काय म्हणणार.

त्या वर्षी डायहाउसचा पत्रा गळत होता.
ड्रमला ओल लागली, झाकण तापलं, धूर निघाला.
राजमल्लू बादली घेऊन धावला.
भला माणूस, म्हणूनच धावला.
बादलीभर पाण्यानं ते विझत नाही, भडकतं,
असं त्या ड्रमवर मराठीत लिहिलेलं नव्हतं,
तेलुगूत तर नाहीच.
नायना त्याला ओढायला गेला.
तेव्हापासून जिन्यात मध्येच थांबतो,
कठडा बघत असल्यासारखा.

"कोरडी वाळू, सर," मी म्हणाले.
"आणि लांबून."
साहेबांनी वहीत काहीतरी लिहिलं.

संध्याकाळी अशोक चौकामागं, घरी.
नायना दारात खुर्ची टाकून बसलेला.
"काय शिकवलं आज?"
"लांब उभं राहायला."
"त्याचा पगार देतात?"
तो हसला, आणि हसू खोकल्यात गेलं,
मी पाठीवर हात ठेवून मोजत राहिले.

समोर बंद डायहाउस.
सहज हात ताठ केला, एक डोळा मिटला.
गेट झाकलं, पत्रे झाकले,
चिमणीचं टोक वर राहिलं.
एक पाऊल मागं. अजून एक.
मग पाठीला आमच्याच घराची भिंत लागली.
"काय मोजतीस गं?" नायनानं विचारलं.