अर्ध्याच्या खाली

ऑर्व्हल ट्वेटचा पिकअप
धान्याच्या कोठ्यांपुढल्या चढावर मरतो. दर वेळी तिथेच.
तिसऱ्यांदा ओढून आणला तेव्हा
म्हणाला, पंप गेला असणार.
शेजाऱ्याच्या मते इंजेक्टर.
आणि जावई, मिनियापोलिसहून, फोनवर,
गाडी न बघता इंजिनच बदला म्हणतोय.

मी कुणाचंच ऐकत नाही. आधी फिल्टर.
काढला, उपडा केला काचेच्या बरणीत.
मधाच्या रंगाचं डिझेल. तळाला पाणी नाही, मेणही नाही,
आणि मंगळवारी तर उणे वीस होतं.
मग गेज. चावी फिरवताच काटा ताठ उभा.
डेस्मंड, माझा शिकाऊ, लगेच म्हणाला, पंप ठीक आहे.
म्हटलं, थांब जरा.
उभ्या गाडीला धडधाकटपणाचं सोंग सहज जमतं.

गेजची नळी बॉनेटखालून बाहेर काढली,
काचेला चिकटपट्टीने लावलं,
आणि निघालो चढाकडे, मी आणि ट्वेट,
दोघांच्या मध्ये त्याचा कुत्रा.
सपाटीवर चौदा. चौदा. चौदा.
कोठ्या दिसू लागल्या तेव्हा अकरा,
मग सात,
मग काटा बसला. पडला नाही, बसला,
म्हातारं माणूस हात टेकत खुर्चीत बसतं तसा.
गाडीने दोन आचके दिले. कुत्र्याने माझ्याकडे पाहिलं.

गॅरेजात परत. टाकी आणि पंपाच्या मध्ये
हातभर पारदर्शक नळी जोडली.
पुढची चाकं उतरंडीवर चढवली.
आला एक बुडबुडा. मग थोडा वेळ काहीच नाही.
मग मुंग्यांची रांग.

हवा येतेय, पण कुठून?
प्रत्येक जोडाखालून बोट फिरवलं, कोरडं आलं.
ओढणाऱ्या नळीचं हे असंच असतं, डेस्मंड,
ती गळत नाही. ती आत घेते.
डब्यातून पाजलं तर इंजिन खणखणीत,
कितीही तिरकं करा.
म्हणजे आता टाकी उतरवायची. गंजलेले पट्टे,
तोंडावर चिखल, दोन शिव्या, एक तुटलेला बोल्ट.

आतल्या उभ्या नळीला, बरोबर मध्यावर, चीर.
डोळ्याला दिसत नाही, नखाला लागते.
कडा काळ्या पडलेल्या.
"जुनी आहे," मी म्हटलं. "सात-आठ वर्षं तरी."
"मग आत्ताच कशी?"

टाकी अर्ध्याच्या वर असली
की चीर डिझेलात बुडालेली राहते, मी सांगत होते,
आणि तो ऐकत नव्हता.
डॅशबोर्डच्या कप्प्यात हात घालून बसला होता.
रबरबँडात गुंडाळलेल्या पावत्या. थोराच्या.
प्रत्येक शनिवार. प्रत्येक वेळी काठोकाठ.
शेवटची ऑक्टोबरातली.
त्यानंतरच्या त्याच्या स्वतःच्या, सुट्या, चुरगळलेल्या:
वीस डॉलर. वीस डॉलर. पंधरा.

"तिला काय ठाऊक होतं चिरेचं," तो म्हणाला.
"म्हणायची, अर्धी टाकी थंडीत पाणी धरते."
तेही खरंच आहे, मी म्हटलं.
आणि बराच वेळ पाने पुसत राहिले,
जे आधीच पुसलेले होते.

नवी नळी एकोणचाळीस डॉलरची. मजुरी मी कमी लावली,
डेस्मंडच्या लक्षात आलं, तो काही बोलला नाही.
जुनी नळी ट्वेटने मागून घेतली,
वर्तमानपत्रात गुंडाळली, कुत्र्याच्या पायाशी ठेवली.
मी बजावून सांगितलं,
आता अर्ध्याखाली गेली तरी चालेल, अगदी तळाला गेली तरी.
त्याने मान हलवली.

दारात उभी राहून ऐकलं: चढ पार. एकाच सुरात.
मग आवाज फिरला, खाली आला,
गॅरेजसमोरून तसाच पुढे गेला
आणि पंपावर जाऊन थांबला.
बुधवार होता.