सायकलवरून पडलो

रोज दिवे लागायच्या आत
पावशी, इळा, लोखंडी खलबत्ता
टपालाच्या जुन्या झोळीत घालून
मी रशीदाबीच्या ओसरीवर नेऊन ठेवतो.
ती विचारत नाही.
पहिल्या दिवशी फक्त म्हणाली,
"कुऱ्हाड राह्यली ना, भाऊ."

सकाळी पंचफुला जाऊन पावशी आणते,
वांगे चिरते,
धुऊन, पुसून, संध्याकाळकडे तोंड करून ठेवते.

एकतीस वर्षं सात गावांत टपाल वाटलं मी.
कोणाची मनिऑर्डर, कोणाचा कोर्टाचा कागद,
कोणाची पोरगी नांदत नाही,
पाकिटाच्या वजनावरून कळायचं.
माझ्या घरी काय आलं
ते मात्र पत्ता वाचूनही कळलं नाही.

देवानंद तेव्हा चोवीस वर्षांचा.
आधी जेवण सोडलं,
भाजीत काहीतरी घालता म्हणे.
मग रेडिओ फोडला,
त्यात त्याचं नाव घेत होते.
मग मला.

हात प्लास्टरमध्ये,
विचारेल त्याला सांगितलं, सायकलवरून पडलो.
बिचारी सायकल,
त्या वर्षी तीनदा बदनाम झाली.

गाव म्हणालं, बाहेरचं आहे.
साडूभाऊ म्हणाला, लग्न करून टाका, सुधरते.
(कोणाच्या पोरीशी, हे विचारायचं राहून गेलं.)
येणारे-जाणारे आटले
तशी अंगणातली पायवाट बुजली,
तरोटा माजला तिच्यावर.

जिल्ह्याच्या दवाखान्यात, मंगळवारी,
अकरा नंबरच्या खोलीबाहेर
एक बाक आहे. तीन पाय, चौथ्या जागी विटा.
तिथं उकंडराव भेटले.
धोतर स्वच्छ, कानामागे टाके.
माझ्या हाताकडे पाहून म्हणाले, "सायकल का?"
मी म्हणालो, "हो."
"मी त बैलानं मारलं म्हन्तो.
बैल इकून पाच सालं झाले."
आणि हसले.
मीही हसलो, इतका, की पंचफुलानं पाहिलं,
या दोघांनाच आत पाठवावं जसं.

त्यांची पोरगी. डी.एड. झालेली.
"मारते," ते मोठ्यानं म्हणाले,
तूर अवंदा बरी आहे म्हणावं, तशा आवाजात.
मग मीही म्हणून पाहिलं:
माझा पोरगा मला मारतो.
छत कोसळलं नाही.
समोरची एक बाई पदर सावरत
जरा सरकून जवळ बसली.
बस, एवढंच.

आता मंगळवारी आम्ही पाच-सहा जण.
भाकर एकाची, ठेचा दुसऱ्याचा.
सिस्टरनं सांगितलेलं एकमेकांना परत सांगतो:
अंगावर आला तर दार अडवून उभं राहू नका.
त्याला वाट ठेवा. स्वतःलाही ठेवा.
त्याला ऐकू येते त्या आवाजाशी भांडू नका.

एका रात्री दीड वाजता मी फोन लावला
आणि बोलता आलं नाही.
"बाहीर हा ना तुमी?" उकंडराव म्हणाले,
"मंग झालं. बसा. मी हावो."
रशीदाबीच्या ओसरीवर, माझ्याच झोळीशेजारी,
कोंबडा आरवेपर्यंत
मी त्यांचा खोकला ऐकत बसलो.

देवानंद बरा झाला असं लिहायला आवडलं असतं.
गोळ्या कधी घेतो, कधी न्हाणीत थुंकतो.
परवा मात्र अंगणात
तरोटा उपटत बसलेला दिसला,
कोणी सांगितलं नव्हतं,
पायवाटेपुरताच.
मी खिडकीतून आधी त्याचे हात पाहिले.
रिकामे होते. नुसती माती.
मग त्याचा चेहरा पाहिला.
किती दिवसांनी या क्रमानं का होईना
चेहऱ्यापर्यंत पोचलो.

संध्याकाळी तरीही झोळी भरली.
"आज उशीर केला, भाऊ,"
रशीदाबी म्हणाली,
आणि झोळी घेताना
बाहेरूनच हात फिरवून
कुऱ्हाड आहे ना, पाहिलं.